खर्ज ऐकू यावा म्हणून

आजचा विषय बघून माझ्या बहिणी हसणार. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई स्पीकरवर काय लिहिणार? पण इतिहास फक्त राजांनाच असतो असं थोडंच आहे?

निमित्त नातवाचं. तो पुण्यात बास वाजवतो. माणसापेक्षा उंच लाकडी डबल बासही आणि इलेक्ट्रिक बास गिटारही. मागच्या वर्षी त्याचा कार्यक्रम ऐकायला गेले. ड्रम ऐकू येत होते, नातवाची बोटं तारांवर चाललेली दिसत होती, पण त्याचा आवाज काही येईना. मध्येच फर्रर्र झालं. मला वाटलं माझं श्रवणयंत्र बिघडलं. तर म्हणे, कुणाकडून तरी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला होता, त्याच्या स्पीकरचा पडदाच फाटला. घरी येताना पोरगा गप्प होता.

माझ्या कानांचं असं आहे की वरचे स्वर आता फारसे कळत नाहीत (म्हातारपणी तेच आधी जातात), खर्ज मात्र शाबूत आहे. म्हणजे अख्ख्या बँडमध्ये मला नीट ऐकू यावा असा तोच एक, आणि नेमका तोच मुका! "आजी, चांगला स्पीकर घ्यायचाय, पण कुठला ते कळत नाही," म्हणाला. मग मीच वाचायला बसले.

आधी अडचण समजून घेऊ. बासच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. तोच आवाज, तेवढाच मोठा, पण एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. त्यात खालच्या स्वरांच्या बाबतीत माणसाचा कान मुळातच मंद. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी ते मोजून दाखवलं होतं. गिटारच्या बिचाऱ्या स्पीकरने काय करावं?

हीच अडचण अमेरिकेत एव्हरेट हल नावाच्या गृहस्थांना आली. ते स्वतः बास वाजवायचे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत डबल बास हरवून जायचा. या वाद्याच्या तळाशी जमिनीवर टेकवायला एक दांडी असते, तिला तिकडे 'पेग' म्हणतात. हल यांनी त्या दांडीच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, आवाज पकडणारं यंत्र बसवलं. १९४६ साली एका भागीदाराबरोबर कंपनी काढली. 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग' या दोन शब्दांतून पुढे तिचं नाव झालं अ‍ॅम्पेग.

तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायर. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. मग १९५५ च्या सुमारास दहा इंची चार स्पीकर घातले, आणि इथेच गंमत झाली. आवाज वाढवला की तो यंत्र खरखरायला लागायचा, आणि ती खरखर गिटारवाल्यांना इतकी आवडली की त्यांनी तो पळवलाच! लंडनला जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये त्याच्याच धर्तीवर आपला पहिला अ‍ॅम्प बनवला. म्हणजे ज्याला रॉकचा आवाज म्हणतात, त्याचं मूळ बासच्या एका फसलेल्या पेटीत.

हल यांना मात्र खरखर अजिबात खपायची नाही. ते जॅझवाले. आवाज स्वच्छ हवा हा त्यांचा हट्ट, आणि रॉक अँड रोलवर राग. १९६० मध्ये त्यांच्याकडच्या जेस ऑलिव्हर यांनी बी-१५ नावाची पेटी घडवली. पंधरा इंची स्पीकर, ताकद साधारण २५ वॅट, आणि प्रवासात अ‍ॅम्प उलटा करून पेटीतच ठेवायची सोय. मोटाउनच्या गाण्यांमध्ये बास वाजवणारे जेम्स जेमर्सन हीच पेटी वापरायचे. पण काळ मोठ्या मैदानांचा आला. हल यांनी १९६७ मध्ये कंपनी विकली, आणि दोनच वर्षांत त्याच नावाने ३०० वॅटचा एसव्हीटी निघाला. तो १९६९ च्या दौऱ्यावर कुणी नेला? रोलिंग स्टोन्सनी! हल यांना काय वाटलं असेल, असा प्रश्न मला राहून राहून पडतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्या वर्गात दुसरंच काही शिकवताना ऐकलं की होतं तसं काहीतरी असावं.

पेटीचं गणित मात्र तिसऱ्याच देशात सुटलं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी, कुठल्या स्पीकरला केवढी पेटी आणि केवढं भोक हवं हे सूत्रात बसवलं. तोवर बराचसा अंदाजाचाच कारभार.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार नुसते वॅट सांगत होता. मी विचारलं, "एका वॅटला आवाज किती देतो?" तो चपापला. (वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून हा प्रश्न आधी.) दुसरी अडचण डबल बासची. स्पीकरचा आवाज त्याच्या लाकडी पोटात परत शिरतो आणि तो शिट्टी मारतो किंवा घुमत सुटतो. इलेक्ट्रिकला थोडा रंग चढलेला चालतो, याला नाही. म्हणून जो स्पीकर स्वतःचं काही मिसळत नाही तोच दोन्ही वाद्यांना चालणार. म्हणजे अखेर हल यांचाच हट्ट!

बारा इंची एक निवडला, निओडिमियम चुंबकाचा, त्यामुळे हलका. एसव्हीटीचा नुसता वरचा भागच चाळीस किलोच्या आसपास असायचा. हा नातू एका हाताने उचलतो.

दिवाळीला तो घेऊन घरी आला. समोरच्या खोलीत डबल बास उभा केला आणि सगळ्यात खालची तार हळूच छेडली. श्रवणयंत्र मी काढून ठेवलं होतं. तरी ऐकू आलं, पायांच्या तळव्यांनासुद्धा. स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडली, "अहो आई, फडताळातले पेले वाजतायत!"

पेले आता मी जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेत. तो परत येणार आहे संक्रांतीला.