दीड कोयता

मोहट्याच्या देवीचं नवरात्र उठलं, दसरा झाला, की आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीचा मुकादम फिरू लागायचा. १९७८ साली तो आमच्या ओट्यावर बसला आणि त्यानं वडिलांना विचारलं, "यंदा किती कोयते?"

वडील म्हणाले, "दीड."

जाणारी माणसं तीन होती: वडील, आई आणि थोरला भाऊ. पण ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस अर्धा. लोखंडी हत्याराचं नाव माणसांच्या मापाला लागलं ते असं.

पुढं शाळेत शिकवताना इंग्रजीतला 'कपल' हा शब्द मुलांना समजावून द्यायची वेळ आली. त्याचं मूळ लॅटिन 'कोप्युला', म्हणजे बंध. दोन शिकारी कुत्र्यांना जोडून बांधायच्या पट्ट्यालाही तेच नाव. इंग्रज शिकारी अजून कुत्रे जोडीनं मोजतात. पंचवीस कुत्रे असले की साडेबारा कपल म्हणतात. ते वाचलं आणि मला ओट्यावरचा 'दीड' आठवला.

कोयत्याची ही मोजणी आमच्यापर्यंत पोचली ती पाण्याच्या वाटेनं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, जिल्ह्याच्या उत्तरेला ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी कारखाना निघाला, १९५० च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. एकामागून एक कारखाने होत गेले. आमचा तालुका मात्र पर्जन्यछायेतला. खरिपाची बाजरी घरात आली की हाताला काम नसायचं. १९७२ च्या दुष्काळानं उरलासुरला धीरही मोडला. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीडमधून टोळ्या निघायच्या, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परतायच्या नाहीत. मढीची कानिफनाथांची जत्रा कितीतरी वेळा आम्ही उसाच्या फडातच घालवली.

फडात वडील ऊस तोडायचे. आई पाचट सोलायची, उसाच्या शेंड्याच्या वाढ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. गाडी रात्री भरायची असली तर रात्रीही. पहाटे कोपीपुढं, आमच्या झोपडीपुढं, चूल पेटवणारीही तीच. आगाऊ घेतलेली उचल मात्र वडिलांच्या नावावर, अंगठा वडिलांचा, मुकादमाच्या वहीत नाव वडिलांचं.

त्या हंगामात आई दोन दिवस तापानं पडून राहिली. मुकादमानं खाडा धरला, तो अख्ख्या कोयत्याचा. वडील दोन्ही दिवस एकटेच तोडत होते, तरीही. जिचं नाव वहीत कधी चढलं नाही, तिची गैरहजेरी तेवढी चढली. संध्याकाळी उरलेली वाढी विकून येणारे चार पैसे, एवढीच तिच्या हातात पडणारी कमाई.

जोडीनं मोजण्यात वाईट काही नाही. ऊस तोडणं हे दोघांचंच काम आहे. पण दोघांची एक संख्या केली, की मजुरी एकाच्या हाती पडते आणि दुसरीचे कष्ट त्या संख्येत विरून जातात. आता ऊसतोड मजुरांच्या नोंदणीची, ओळखपत्रांची कामं सुरू झाली आहेत. माझं मागणं एवढंच आहे, की त्या यादीत बाईची ओळ वेगळी असावी, आणि तिच्या कष्टाचे पैसे तिच्या खात्यावर पडावेत.

तो जुना हिशेब मला दुरुस्त करायचा आहे. १९७८ साली आमच्या घरातून तीन माणसं ऊसतोडीला गेली. त्यांतली एक माझी आई होती.