लिनक्सवरील स्रोत-बांधणीतील अवलंबित्व समस्या

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर मूळ सोर्स कोडपासून तयार करताना त्याला लागणारी इतर सॉफ्टवेअर उपलब्ध नसणे, चुकीच्या आवृत्तीची असणे किंवा बांधणी-यंत्रणेला न सापडणे, यांमुळे येणाऱ्या अडथळ्यांना अवलंबित्व समस्या असे म्हणतात. कंपायलर, इंटरप्रिटर यांसारख्या विकसन-साधनांच्या बाबतीत त्या विशेष तीव्र असतात. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञांची रूढ प्रक्रिया कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात बराचसा वेळ पहिल्या आज्ञेने दाखविलेल्या उणिवा भरून काढण्यात जातो.

पार्श्वभूमी

डेबियन, फेडोरा आदी वितरणांमध्ये एपीटी किंवा डीएनएफ यांसारखा पॅकेज व्यवस्थापक प्रत्येक पॅकेजसोबत लागणारी इतर पॅकेजेस आपोआप बसवतो. स्रोत-बांधणीत ही सोय नसते. कॉन्फिगर ही आज्ञा आवश्यक गोष्टी आहेत की नाहीत एवढेच तपासते. त्या आणून देत नाही.

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ एका साध्या भेदामुळे होतो. लायब्ररी बसवलेली असते, तरीही कॉन्फिगर ती नसल्याचे सांगते. याचे कारण असे की, बहुतेक वितरणे एकाच लायब्ररीचे दोन भाग करतात: प्रोग्रॅम चालविण्यासाठी लागणारी फाईल एका पॅकेजमध्ये, तर बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाईल्स दुसऱ्या पॅकेजमध्ये. या दुसऱ्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी डेबियन व उबुंटूमध्ये ‘डेव्ह’ आणि रेड हॅट परिवारात ‘डेव्हल’ असे असते. झेडलिब ही लायब्ररी जवळपास प्रत्येक संगणकावर असते. तिच्या हेडर फाईल्स मात्र वेगळ्या बसवाव्या लागतात.

जीसीसीची बांधणी

जीसीसी हा कंपायलर या समस्येचे ठळक उदाहरण आहे. त्याला जीएमपी (मोठ्या पूर्णांकांचे गणित), एमपीएफआर (अचूक पूर्णांकनासह दशांश गणित) आणि एमपीसी (संमिश्र संख्यांचे गणित) या तीन लायब्ररी लागतात. प्रोग्रॅममधील स्थिर राशींची किंमत भाषांतराच्या वेळीच काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. २००८ मधील ४.३ या आवृत्तीपासून पहिल्या दोन आणि २०१० मधील ४.५ पासून तिसरी अनिवार्य झाली. आयएसएल ही चौथी लायब्ररी ऐच्छिक असून ती लूपच्या काही सुधारणांपुरती लागते. एमपीएफआर स्वतः जीएमपीवर आणि एमपीसी या दोन्हींवर अवलंबून असल्याने हाताने बांधणी करताना हाच क्रम पाळावा लागतो.

क्रम पाळूनही एक फसवी चूक होते. या लायब्ररी मुख्य मार्गाबाहेरच्या फोल्डरमध्ये बसवल्या आणि कॉन्फिगरला त्यांचा पत्ता दिला, तर सुरुवातीची तपासणी पार पडते. पुढे बऱ्याच वेळाने ‘ऑब्जेक्ट फाईल्सचा प्रत्यय ठरवता येत नाही, संकलन होत नाही’ अशा आशयाचा संदेश येऊन काम थांबते. संदेशात एमपीसीचे नावही नसते. खरे कारण हे की, नुकताच तयार झालेला कंपायलर चालू होताना डायनॅमिक लिंकरला त्या लायब्ररी सापडत नाहीत. ते कारण लिबजीसीसी या उपफोल्डरमधील ‘कॉन्फिग.लॉग’ या नोंदवहीत मिळते. पडद्यावरील शेवटच्या ओळीपेक्षा ही फाईल वाचणे जवळजवळ नेहमीच अधिक उपयोगी ठरते.

हे सारे टाळण्याचा मार्ग जीसीसीच्या सोर्स कोडमध्येच आहे. ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधील ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ ही स्क्रिप्ट योग्य आवृत्त्या उतरवून घेते आणि त्या जीसीसीसोबतच बांधल्या जातात. बांधणी सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये न करता वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये करावी लागते. ६४ बिट संगणकावर ३२ बिट हेडर फाईल नसल्याची चूक आली, तर ३२ बिट सी लायब्ररीचे विकसन-पॅकेज बसवावे किंवा मल्टिलिब हा पर्याय बंद करावा.

पायथन आणि न दिसणारी उणीव

जीसीसी निदान थांबतो तरी. पायथनची बांधणी अनेक लायब्ररी नसतानाही यशस्वी होते. ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, लिबएफएफआय किंवा रीडलाइन यांच्या हेडर फाईल्स न मिळाल्यास संबंधित मोड्यूल वगळली जातात आणि त्यांची यादी शेवटी छापली जाते. शेकडो ओळींच्या गर्दीत ती सहज नजरेतून सुटते. नंतर ‘पिप’ने एखादे पॅकेज उतरवू पाहिल्यावर एसएसएल मोड्यूल नसल्याचे कळते.

सेंटओएस ७ वर अनेकांना हा अनुभव आला. पायथन ३.१० ला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते, तर या वितरणात मूळची १.०.२ होती. तेथे ‘डेव्हल’ पॅकेज बसवूनही प्रश्न सुटत नाही. नवी ओपनएसएसएल वेगळ्या फोल्डरमध्ये बसवून तिचा पत्ता कॉन्फिगरला द्यावा लागतो.

सी लायब्ररीची मर्यादा

नव्या वितरणावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या वितरणावर चालवल्यास जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही, अशी तक्रार येते. जीलिबसीमधील फलनांना आवृत्तीची खूण जोडलेली असते. जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतात, उलट घडत नाही. अशा वेळी प्रणालीची मुख्य जीलिबसी हाताने बदलणे धोक्याचे असते, कारण ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञाही तिच्यावरच चालतात आणि बदल फसल्यास संगणक सुरू होणेही बंद पडू शकते. प्रोग्रॅम जुन्या वितरणावर किंवा त्याच्या कंटेनरमध्ये बांधणे हा सुरक्षित मार्ग होय.

प्रचलित उपाय

डेबियन परिवारात ‘एपीटी बिल्ड-डेप’ आणि फेडोरात ‘डीएनएफ बिल्डडेप’ या आज्ञा वितरणात आधीच असलेल्या पॅकेजची बांधणीपूर्व यादी एकदम बसवतात. एपीटीसाठी सोर्स पॅकेजांचे भांडार चालू असावे लागते. बांधायची आवृत्ती थोडी नवी असली तरी बहुतांश काम यातून होते. एखादी हेडर फाईल कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे ‘एपीटी-फाइल’ सांगते. लायब्ररी वेगळ्या जागी असल्यास ‘पीकेजी-कॉन्फिग’ला तिचा मार्ग कळवावा लागतो. तयार प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी मिळाल्या आणि कोणत्या नाहीत, हे ‘एलडीडी’ दाखवते. ‘यूएसआर-लोकल’मध्ये नवी लायब्ररी बसवल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे राहून जाणे ही नित्याची चूक आहे. निक्स आणि गिक्स प्रत्येक पॅकेज स्वतंत्र मार्गावर ठेवतात, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात.

चक्रीय अवलंबित्व

काही साधनांना बांधणीसाठी स्वतःचीच आधीची प्रत लागते. जीसीसी ४.८ पासून सी++ कंपायलरशिवाय बांधता येत नाही. गो भाषेचा कंपायलर १.५ या आवृत्तीपासून (२०१५) गोमध्येच लिहिलेला आहे, आणि रस्टच्या कंपायलरला त्याच्या आधीची आवृत्ती लागते. अगदी जुन्या आवृत्तीपासून सुरुवात करणाऱ्यास एकामागून एक अनेक आवृत्त्या बांधाव्या लागतात. ही साखळी शेवटी कुठल्या तरी तयार बायनरी फाईलपाशी पोहोचते. गिक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये हा प्रारंभबिंदू अवघ्या ३५७ बाइटच्या प्रोग्रॅमपर्यंत खाली आणला.