आडनाव, नाव, वडिलांचं नाव

परवा फोन बदलला. जुन्या अँड्रॉइड फोनमधले सगळे पत्ते आधी एका फाइलीत काढून घेतले. (मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं आपोआप होतं!" होत असेल. पण आपोआप होणाऱ्या गोष्टी दुरुस्त करण्यातच आमची नोकरी गेली, त्यामुळे विश्वास बसत नाही.) ती डॉट व्हीसीएफ फाइल सहज नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, आवृत्ती २.१. म्हणजे १९९६ सालची! इतकी वर्षं मागे घेऊन जाणारी ओळ दिसल्यावर मग बसलोच उकरत.

तर मंडळी, ईमेलला जोडून पाठवायच्या या व्हिजिटिंग कार्डाला म्हणतात व्हीकार्ड. नव्वदच्या दशकात प्रत्येक ईमेल प्रोग्रॅमची पत्त्यांची वही निराळी आणि एकीचं दुसरीला कळत नसे. अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या 'व्हर्सिट' नावाच्या गटाने १९९५ मध्ये यावर तोडगा सुचवला. साधा मजकूर, एका ओळीत एक गोष्ट: नाव, फोन, पत्ता, ईमेल. २.१ आवृत्ती सप्टेंबर १९९६ मध्ये आली आणि त्याच डिसेंबरात तिचे हक्क इंटरनेट मेल कन्सॉर्शियमकडे गेले. पुढची ३.० आवृत्ती सप्टेंबर १९९८ ची. ती लोटसच्या फ्रँक डॉसन आणि नेटस्केपच्या टिम हाऊज यांनी लिहिली.

जुन्या आवृत्तीतले रकाने वाचताना मजा येते. फोनच्या प्रकारांत पेजर आहे, मोडेम आहे, गाडीतला फोनसुद्धा आहे. 'एजंट' नावाचा एक रकाना होता, त्यात साहेबांच्या कार्डाच्या पोटात सेक्रेटरीचं आख्खं कार्ड ठेवता यायचं! आणि एक रकाना नावाचा उच्चार ध्वनिमुद्रित करून पाठवण्यासाठी. ज्यांच्या नावात 'ळ' आहे त्या सगळ्यांनी खरं तर तो वापरायला हवा होता. मी वापरलेला एकदाही पाहिला नाही.

मी १९९७ मध्ये न्यू जर्सीत आलो. त्याच वर्षी नेटस्केप कम्युनिकेटर निघाला, आणि त्यात प्रत्येक ईमेलला आपलं कार्ड चिकटवायची सोय होती. लोकांनी ती एकदा चालू केली की विसरून जात. मग 'थँक्स' एवढ्या एका शब्दाच्या उत्तराखालीसुद्धा दहा ओळींची शेपटी! ज्याच्या प्रोग्रॅमला व्हीकार्ड कळत नसे त्याला ते सगळं उघडं पडलेलं दिसे. १९९८ मध्ये पाम थ्री आला, तो त्यापेक्षा सभ्य. दोघांनी आपापली यंत्रं समोरासमोर धरायची, एक बटण दाबून ठेवायचं, की इन्फ्रारेडने कार्ड पलीकडे. दूरून पाहणाऱ्याला वाटावं की दोघे काडेपेटी पेटवतायत.

पण खरी गंमत नावाच्या ओळीत आहे. तिच्यात अर्धविराम घालून पाच जागा केलेल्या असतात: आडनाव, नाव, मधलं नाव, पुढची उपाधी, मागची उपाधी. पहिल्या तीन पाहिल्या आणि मला आपली दहावीची मार्कशीटच आठवली. आडनाव, नाव, वडिलांचं नाव! मराठी माणसासाठीच बनवल्यासारखी ओळ.

शेजारच्या क्यूबिकलमधल्या तमिळ मित्राचं मात्र हाल झालं. त्याला आडनावच नाही, नावाआधी वडिलांच्या नावाचं एक अक्षर, बस्स. आमच्या ऑफिसातला प्रोग्रॅम आडनावाची जागा रिकामी सोडू देईना, म्हणून त्याने तिथे वडिलांचं नाव भरलं. त्या दिवसापासून आख्खं ऑफिस त्याला वडिलांच्या नावाने हाक मारू लागलं. हसून सोडून द्यायचा बिचारा. पण वडील गेल्यावर सुट्टीवरून परत आला तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी त्याला तीच हाक मारली, आणि तो चटकन मागे वळून पाहू लागला. आम्ही दोघंही त्यावर पुढे कधी बोललो नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये ४.० आवृत्ती आली. तिने पाच जागांची ओळ ऐच्छिक केली. सक्ती फक्त दुसऱ्या एका ओळीची, जिच्यात माणूस आपलं नाव जसं लिहितो तसं आख्खं लिहायचं. माझ्या मते त्या दस्तऐवजातली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे. तोवर मित्र ग्रीन कार्डावर तेच आडनाव घेऊन बसला होता.

दुसरी शहाणी गोष्ट म्हणजे ४.० ने यूटीएफ-८ सक्तीचं केलं. २.१ मध्ये इंग्रजीखेरीज काही लिहायचं तर ते सांकेतिक रूपात जाई. देवनागरीच्या एकेका चिन्हाला नऊ खुणा लागत. 'कुलकर्णी' मध्ये काना-मात्रा धरून आठ चिन्हं, म्हणजे बहात्तर खुणा! ओळ लांबली की मध्येच तुटायची, आणि काही प्रोग्रॅमना तो सांधा जुळवता येत नसे. २००३ मध्ये मी मोठ्या हौसेने देवनागरीतलं कार्ड पुण्याला बाबांना पाठवलं. रविवारी फोनवर म्हणाले, "अरे, नुसती 'बरोबर'ची चिन्हं आलीत. गणित पाठवलंयस का?" (बाबा गणिताचे मास्तर.)

परवाच्या फाइलीत बाबांचं कार्डही होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण पुसवलं नाही. त्यातला नंबर सात आकडी, म्हणजे पुण्याच्या नंबरांआधी २ लागण्यापूर्वीचा. कार्ड एकदा पाठवलं की ती नुसती प्रत असते, तिकडे काय बदललं ते तिला कळत नाही. तिसऱ्या जागी आजोबांचं नाव. माझ्या कार्डात त्या जागी बाबांचं.

मुलीचं कार्ड पाहिलं. तिथे दोन अर्धविरामांच्या मध्ये काहीच नाही. विचारलं, तर म्हणाली, "कंपल्सरी नव्हतं, बाबा."