शालेय पोषण आहाराचा हक्क (भारत)

शाळेत येणाऱ्या मुलाला दुपारचे गरम, शिजवलेले जेवण विनामूल्य मिळण्याचा कायदेशीर हक्क. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या पाचव्या कलमानुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या किंवा ६ ते १४ वयाच्या मुलांना तो सुट्ट्या वगळता रोज लागू आहे. प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार म्हणून रुळलेली ही योजना २०२१ पासून केंद्राच्या ‘पीएम पोषण’ या नावाखाली चालते.

शाळेत जेवण देण्याची परंपरा तमिळनाडूत जुनी आहे. मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकातच गरीब मुलांसाठी ते सुरू केले, १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी राज्यभर नेले आणि १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मात्र महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी चूल पेटवलीच नाही. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलाच्या हाती तीन किलो धान्य दिले जाई. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाई आणि दुपारी वर्गात बसलेले मूल उपाशीच राही.

निर्णायक वळण आले २००१ मध्ये. राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे धान्याने ओसंडून वाहत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की, धान्य असताना माणसे उपाशी राहतात हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश दिला: प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांकांचे शिजवलेले अन्न द्यावे. आदेशातला ‘शिजवलेले’ हा शब्द मोलाचा ठरला, कारण त्यामुळे सरकारला शाळेत भांडी, जळण आणि स्वयंपाकी यांची सोय करणे भाग पडले. २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवायला लावले. जातीची पंगत मोडण्याचे सामर्थ्य या योजनेत आहे; म्हणूनच दलित बाईंच्या हातचे जेवण नाकारण्याच्या घटना आजही अधूनमधून घडतात, आणि तिथे प्रशासनाने माघार घेतली की मुलांचा हक्क आणि समतेचा धडा दोन्ही बुडतात.

अन्न सुरक्षा अधिनियमाखालील २०१५ च्या नियमांनी या हक्काला धार दिली. धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण चुकले, तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. गावोगावच्या पालकांपर्यंत हा नियम अजून पुरेसा पोचलेला नाही, ही खरी खंत आहे.

प्रत्यक्षात सगळा भार स्वयंपाकी व मदतनीस बायकांवर असतो. सकाळी तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, मोठ्या पातेल्यात फोडणी द्यायची, मधल्या सुट्टीआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंदवहीत सही करायची, मग मुलांना वाढायचे आणि शेवटी खरकटी पातेली घासायची. २००९ पासून केंद्राने ठरवलेले मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्ये आपली भर घालतात. एवढ्या मोबदल्यावर लाखो मुलांचे अन्न तोलून धरणे अन्यायाचे आहे.

चव घेण्याचा नियम किरकोळ नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुले दगावली.

परिणामांबाबत पुरावा भक्कम आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि इतरांच्या अभ्यासांत विशेषतः मुलींची शाळेतील उपस्थिती वाढलेली दिसली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील २०२१ च्या संशोधनानुसार, लहानपणी हे जेवण मिळालेल्या स्त्रियांच्या पुढे झालेल्या मुलांत उंची खुंटण्याचे प्रमाण कमी आढळले.

ताटात काय असावे हा वाद मात्र मिटलेला नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळी, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबवून ती लोकसहभागातून द्यावीत असे सांगितले. प्रथिनांची सर्वाधिक गरज असलेल्या आदिवासी व दुष्काळी भागांत लोकवर्गणी जमणे सर्वांत अवघड असते.

कायद्याचे छत्र आठवीलाच संपते. तमिळनाडूत हे जेवण दहावीपर्यंत मिळते, आणि सप्टेंबर २०२२ पासून तिथे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी सकाळची न्याहारीही सुरू झाली. नववीत गेलेल्या, वाढीच्या ऐन वयातल्या मुलीला देशाच्या बहुतेक भागांत असा कोणताही हक्क नाही.