आम्लोदीचा धोंडा

हॅम्लेटशी मराठी वाचकाची ओळख आगरकरांच्या ‘विकारविलसिता’इतकी जुनी आहे. त्याच्या नावाचा एक धोंडा आइसलँडच्या किनाऱ्यावर पडून आहे, हे मात्र आम्हांला स्ट्राँगमॅन स्पर्धांचा इतिहास चाळताना कळले. धोंड्याचे वजन २३ किलो, नाव ‘आम्लोदी’. आइसलँडी भाषेत या शब्दाचा अर्थ दुबळा, बावळट, कुचकामी. सॅक्सो ग्रामॅटिकसने इसवी सन १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये ज्याची कथा लिहिली, तो वेडाचे सोंग घेणारा राजपुत्र आम्लेथ हा या शब्दाचाच भाऊबंद. विशेषनाम आधी की सामान्यनाम आधी, हा वाद मिटलेला नाही.

स्नाइफेल्सनेस द्वीपकल्पाच्या टोकाशी द्यूपालोन्ससांदुर नावाची काळ्या गोट्यांची पुळण आहे. तेथे असे चार धोंडे आहेत. सर्वांत जड तो ‘फुल्स्तेर्कुर’, म्हणजे पुरा बळकट, १५४ किलोंचा. त्याच्याखाली ‘हाल्वस्तेर्कुर’, अर्धा बळकट, १०० किलोंचा. मग ५४ किलोंचा ‘हाल्वद्राइत्तिंगुर’ आणि शेवटी आम्लोदी. शेजारच्या द्रित्विक खाडीत एके काळी मासेमारीचा मोठा हंगामी तळ होता. वल्ह्यांच्या उघड्या होडीवर घेण्यापूर्वी माणसाने हे धोंडे कमरेइतक्या उंच कातळावर ठेवून दाखवायचे, असे परंपरा सांगते. ५४ किलोंचा धोंडा ज्याला पेलला नाही, त्याला होडीत जागा नाही.

या तिसऱ्या धोंड्याच्या नावापाशी आम्ही थबकलो. हाल्वद्राइत्तिंगुर म्हणजे स्वतः ओढलेल्या मासळीपैकी निम्मीच ज्याच्या पदरात पडते, असा नवशिका खलाशी. म्हणजे ही नावे निव्वळ बळाची नाहीत; त्यांत वाटणीचा हिशेब आहे. त्या होड्यांवर मजुरी रोकडीत मिळत नसे, पकडीतला वाटा मिळे. हिशेबाची आणखी एक बाजू आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने कोणत्या तरी शेतकऱ्याच्या घरी सालाने राबलेच पाहिजे, असा कायदा आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कमीअधिक प्रमाणात चालू होता. शेतकरी आपले गडी हंगामात मासेमारीच्या तळावर धाडी, आणि गड्याच्या वाट्याची मासळी धन्याच्या घरी जाई. धोंडा उचलणाऱ्याचे बळ सिद्ध होई, पण त्या बळाचे मोल बहुधा दुसऱ्याच्याच पदरात पडे. जुन्या काळच्या ‘अस्सल’ ताकदीविषयी आज जे हळवे होऊन लिहितात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे असे आम्हांला वाटते. तो धोंडा म्हणजे नोकरभरतीची परीक्षा होती.

दुसरा प्रसिद्ध धोंडा एका साहित्यिकाचा आहे. (साहित्याच्या अभ्यासकांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.) हूसाफेल येथील धर्मोपदेशक स्नोरी ब्यर्न्सन (१७१०-१८०३) यांनी ‘स्पेर्दिल’ हे नाटक लिहिले, आइसलँडी भाषेतल्या अगदी आरंभीच्या नाटकांत त्याची गणना होते. ‘एड्डा’कार स्नोरी स्तुर्लुसन वेगळे, पाच शतके आधीचे, त्यांच्या ग्रंथातही आम्लोदी येतो, आणि तेथे समुद्राला ‘आम्लोदीचे जाते’ म्हटले आहे, असा अर्थ अभ्यासक लावतात. धर्मोपदेशक स्नोरींच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्याला दार म्हणून एक चपटी, काहीशी त्रिकोणी शिळा लावलेली असे. तिचे वजन १८६ किलो. ती नुसती हलवून थोडी उचलली तर आम्लोदी, कमरेपर्यंत आणली तर अर्धा बळकट, आणि छातीशी धरून कोंडवाड्याला फेरी घातली तर पुरा बळकट. शब्द तेच, पण येथे धोंडा एकच आहे आणि प्रती कृतीच्या आहेत. स्नोरींच्या गुद्नी नावाच्या कन्येने ही शिळा वाहून नेली होती, अशी आख्यायिका आहे.

या शिळेच्या लोखंडी प्रतिकृती आज जगभरच्या स्पर्धांत ‘हूसाफेल’ याच नावाने वापरल्या जातात. ‘जगातील सर्वांत बलवान पुरुष’ ही स्पर्धा १९७७मध्ये कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सल स्टुडिओत सुरू झाली, तीही दूरचित्रवाणीसाठी. पहिला मान ब्रूस विल्हेल्म यांना मिळाला. पुढे चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडने योन पाउल सिग्मार्सन आणि माग्नूस वेर माग्नूसन यांच्याद्वारे चार-चार वेळा, आणि २०१८मध्ये हाफथोर ब्यर्न्सन यांच्याद्वारे एकदा हा किताब पटकावला. योन पाउल १९९३च्या जानेवारीत व्यायामशाळेत वजन उचलत असतानाच गेले. वय अवघे ३२.

स्पर्धेचे गणित मात्र किनाऱ्यावरच्या परीक्षेहून अगदी निराळे. अंतिम फेरीत दहा जण असतील तर प्रत्येक प्रकारात पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. पाच-सहा प्रकारांची बेरीज करून विजेता ठरतो. कोणी ट्रक ओढतो, कोणी दोन्ही हातांत जड चौकटी धरून धावतो, कोणी ओंडका डोक्यावर पेलतो. शेवटी बहुधा काँक्रीटचे पाच गोल धोंडे, १०० किलोंपासून वाढत १८०-२०० किलोंपर्यंत, एकेक करून चौथऱ्यांवर ठेवायचे असतात. एखाद्या प्रकारात विक्रम करून दुसऱ्यात हात टेकणारा मागे पडतो, आणि कशातच पहिला न येणारा क्वचित जिंकूनही जातो. फुल्स्तेर्कुर समोरच्याला विचारी, तू पुरेसा आहेस का? गुणपत्रक विचारते, तू शेजाऱ्यापेक्षा किती पुढे? पहिल्या प्रश्नाला एकदा होकार मिळाला की माणूस मोकळा होई. दुसऱ्याचे उत्तर दर वर्षी नव्याने द्यावे लागते.

तयारीतही हाच फरक दिसतो. द्रित्विकच्या खलाशाची तयारी म्हणजे वल्हे आणि जाळे. वेगळा व्यायाम त्याच्या ध्यानीमनीही नसणार. आजचा स्पर्धक बैठका, डेडलिफ्ट आणि डोक्यावर वजन पेलणे यांतून पाया घालतो, आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष साधनांना देतो, आणि स्पर्धेआधी आठवडाभर भार कमी करून शरीराला विसावा देतो. गोल धोंड्याला कान नसतात, मूठ नसते. आपल्या तालमीतल्या नालाला निदान धरायला जागा असते. म्हणून बाहूंना राळेचा चिकट लेप लावायचा, धोंडा आधी मांड्यांवर ओढून घ्यायचा, त्याला कवेत घ्यायचे, आणि मग कंबर पुढे झोकत उभे राहायचे. बाहूंच्या आतल्या बाजूची कातडी सोलवटून निघते. हाताने उपटायला गेलेल्याचा दंडाचा स्नायू तुटू शकतो, म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो हात सैल ठेवण्याचा.

आख्यायिकेचा मोह मात्र सुटलेला नाही. ओर्म स्तोरोल्फसन या वीराने एका अजस्र जहाजाची डोलकाठी खांद्यावर घेऊन तीन पावले टाकली आणि त्याची पाठ कायमची अधू झाली, असे जुन्या कथेत आहे. २०१५मध्ये नॉर्वेत हाफथोर यांनी सुमारे ६५० किलोंचा, दहा मीटर लांबीचा ओंडका घेऊन पाच पावले टाकली. कथेतल्या माणसावर मात केल्याचे कोणत्या पंचाने ठरवायचे, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडला नसावा. पाच वर्षांनी मात्र पडला. एडी हॉल यांनी २०१६मध्ये ५०० किलो उचलले होते. २०२०मध्ये, महामारीच्या काळात, हाफथोर यांनी स्वतःच्या व्यायामशाळेत ५०१ किलो उचलले, तेव्हा स्पर्धेबाहेरची उचल विक्रम म्हणून धरावी का, यावर बराच वाद माजला. २०२५मध्ये त्यांनी भर स्पर्धेत ५१० किलो उचलले.

हूसाफेलचा कोंडवाडा अजून आहे, शिळाही आहे. देशोदेशींचे स्पर्धक तेथे येतात आणि ती छातीशी धरून फेरी घालू पाहतात. तेथे घड्याळ लावायला कोणी नसते आणि गुणही मिळत नाहीत. शिळा मध्येच हातून सुटली, तर स्वतःला अर्धा बळकट म्हणायचे की आम्लोदी, एवढेच ठरवायचे असते.