दूरस्थ ग्रंथालय-प्रवेश

दूरस्थ ग्रंथालय-प्रवेश : विद्यापीठ ग्रंथालयाने वर्गणी भरून घेतलेली ई-नियतकालिके, ई-पुस्तके आणि डेटाबेस आवाराबाहेरून, म्हणजे घरून, परगावाहून किंवा क्षेत्रकार्याच्या ठिकाणाहून वापरता यावेत यासाठीची व्यवस्था.

छापील अंक ग्रंथालयाच्या मालकीचा असतो. इलेक्ट्रॉनिक अंकाचा बहुधा मुदतीचा परवाना मिळतो आणि तो विद्यापीठाचे विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांच्यापुरता असतो. वाचक विद्यापीठाचाच आहे हे ओळखण्याची रूढ रीत जागेवर आधारलेली आहे. विद्यापीठ आपल्या नेटवर्कचे आयपी पत्ते प्रकाशकाला कळवते आणि त्या पत्त्यांवरून आलेल्या वाचकाला पासवर्ड न विचारता लेख उघडून मिळतो. तोच वाचक घरच्या इंटरनेटवरून गेला, की त्याच लेखाची किंमत दिसते. दूरस्थ प्रवेशाच्या पद्धती वाचकाची जागा न पाहता त्याची ओळख पटवतात.

पद्धती : व्हीपीएनमध्ये वाचकाचा संगणक विद्यापीठाच्या नेटवर्कशी सांकेतिक जोडणीने बांधला जातो. प्रॉक्सी पद्धतीत वाचक ग्रंथालयाच्या खात्यातून लॉगिन करतो आणि विद्यापीठाचा सर्व्हर त्याच्या वतीने लेख मागवतो. प्रकाशकाला आयपी पत्ता विद्यापीठाचाच दिसतो. या वर्गातील ईझीप्रॉक्सी ही प्रणाली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल ख्रिस झॅगर यांनी १९९९ मध्ये तयार केली; २००८ मध्ये ती ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेने घेतली. प्रॉक्सीतून जाण्यासाठी दुवा ग्रंथालयाच्या पानावरून उघडावा लागतो. वाचक शोधयंत्रातून थेट प्रकाशकाकडे गेला, तर प्रॉक्सी मधे येत नाही, म्हणून वर्गणी असूनही लेख बंद दिसतो.

तिसऱ्या, संघीय पद्धतीत आयपी पत्त्याची गरजच उरत नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर वाचक आपली संस्था निवडतो, लॉगिन मात्र संस्थेच्या पानावर करतो. पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही, फक्त ‘हा आमचा सदस्य आहे’ अशी ग्वाही जाते. ब्रिटनमधील अथेन्स ही सेवा १९९० च्या दशकात सुरू झाली. तिचीच पुढची अवस्था म्हणजे ओपनअथेन्स. इंटरनेट-२ या अमेरिकी प्रकल्पातून आलेली शिबोलेथ ही प्रणाली आणि २००५ चे सॅमल २.० हे मानक यांवर आज अनेक देशांतील विद्यापीठ-संघ चालतात.

भारत : गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ‘इन्फेड’ हा असा संघ चालवते. महाविद्यालयांसाठी २०१० पासून ‘एन-लिस्ट’ हा ई-साधने पुरवणारा कार्यक्रम उपलब्ध झाला. त्यात आयपी पत्त्याऐवजी प्रत्येक सदस्याला स्वतंत्र लॉगिन मिळते. त्यामुळे स्वतःचे मोठे नेटवर्क नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयालाही त्याचा लाभ घेता आला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत आवारे बंद झाली आणि दूरस्थ प्रवेश ही जादा सोय न राहता ग्रंथालयसेवेचा मुख्य मार्ग बनला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांसाठी घेण्याचे ठरले. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे.

मर्यादा व सुरक्षा : एका खात्यातून घाऊक प्रमाणात लेख उतरवले गेले, तर प्रकाशक प्रॉक्सीचा पत्ताच रोखू शकतो आणि एकाच्या कृतीमुळे सगळ्या विद्यापीठाचे वाचन थांबते. त्यामुळे ग्रंथालये वापराची नोंद ठेवतात. वाचकाच्या खासगीपणाचा प्रश्न तिथूनच उभा राहतो. ग्रंथालयाच्या खात्यांना बाजारमोलही आहे. विद्यापीठांची लॉगिन पाने हुबेहूब नकलून प्राध्यापकांचे पासवर्ड मिळवल्याचा आरोप अमेरिकी न्याय विभागाने मार्च २०१८ मध्ये नऊ इराणी व्यक्तींवर ठेवला. काही ई-पुस्तके एका वेळी ठरावीक वाचकांनाच उघडता येतात, ती मर्यादा आवारात आणि बाहेर सारखीच असते.

पदवी पूर्ण झाली की माजी विद्यार्थ्याचा दूरस्थ प्रवेश सामान्यतः संपतो. अनेक करारांत प्रत्यक्ष ग्रंथालयात आलेल्या बाहेरच्या वाचकाला तेथील संगणकावर वाचनाची मुभा असते. अशा वाचकासाठी आवार अजूनही महत्त्वाचे आहे. ‘शोधगंगा’ या खुल्या प्रबंध-भांडारातील प्रबंध आणि मुक्त प्रवेश नियतकालिके वाचायला मात्र यांपैकी कोणताही मार्ग लागत नाही.