भुकेची नोंद ठेवणारी ग्रंथी

सूर्यमाळ म्हटलं की शहरातल्या आपल्या नातेवाइकांना थंड हवा आणि पावसाळ्यातलं धुकं आठवतं. मला मात्र जव्हार-मोखाडा म्हटलं की १९९२-९३ साल आठवतं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लहान मुलं दगावली आणि राज्यभर हळहळ झाली. पण जी उपाशीपोटी वाढली आणि जगली, त्यांचं काय? ती आज पस्तिशीच्या आसपास असतील. त्यांच्या शरीरात त्या भुकेचं काही उरलं असेल का?

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे आधी शब्दाकडे वळतो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना दिसलं, की लहान आतडं रक्तात एक द्रव्य सोडतं आणि त्या निरोपावर स्वादुपिंड पाचकरस सोडतं. मज्जातंतूंची गरजच नाही! १९०५ साली स्टार्लिंगने अशा द्रव्यांना 'हार्मोन' म्हटलं. आपण म्हणतो संप्रेरक. किती नेमका शब्द आहे बघा, प्रेरणा देणारं ते.

स्वादुपिंड स्वतःही असे निरोप धाडतं. त्यातलं इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत बॅंटिंग आणि बेस्ट यांनी वेगळं काढलं. जेवल्यावर रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत पोचवायचं काम त्याचं. उपास घडला की इन्सुलिन उतरतं आणि त्याच ग्रंथीतलं ग्लुकॅगॉन यकृतातला साठा बाहेर काढायला लावतं. भूक लांबली की कंठग्रंथी म्हणजे थायरॉइड शरीराचा खर्च आवरते, वाढीचं संप्रेरक असूनही वाढ खुंटते. कणगी रिकामी झाल्यावर जाणती बाई घर चालवते ना, तसंच हे.

पण ही काटकसर बाळपणीच, किंवा आईच्या पोटातच सुरू झाली तर? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिल्यावर स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकलेली. मधुमेहाची वाट इतक्या लवकर सुरू होऊ शकते.

दुसरी वाट त्याहून दुर्लक्षित. १९५५ साली जमैकात सडपातळ, गरीब रुग्णांतला एक निराळा मधुमेह नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेहाला वेगळा प्रकार मानलं आणि १९९९ साली तो यादीतून काढला. २०२२ साली वेल्लोरच्या रुग्णांवरच्या अभ्यासातून दिसलं, की यांचं इन्सुलिन मुळातच कमी पडतं. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हटलं. सत्तर वर्षं लागली!

हा नुसता नावाचा वाद नाही. अशा रुग्णाला नेहमीच्या हिशोबाने जास्त इन्सुलिन टोचलं तर साखर घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. आणि पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर जाणाऱ्या काटक माणसाची साखर तपासावी, असं मनात तरी कुणाच्या येतं? मधुमेह म्हणजे सुखवस्तूंचा रोग, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तेव्हा सूर्यमाळला जाल तेव्हा धुकं जरूर बघा. पण तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत, आरोग्य शिबिरं भरवतात, त्यांना एवढंच सांगणं: वजनकाट्यावर हलक्या भरणाऱ्या माणसाचंही रक्त तपासा, आणि लहानपणी पोटभर खायला मिळत होतं का, हेही विचारा.